येते हं!

पगारी माणसाला दम देता येतो, हौशी माणसाला फक्त चहा देता येतो. हे मला कळेपर्यंत माझा घसा बसला होता आणि स्पर्धा अजून सुरूही झाली नव्हती.

मी बस डेपोत कंट्रोलर होते. कुठली गाडी कुठे, कुठला ड्रायव्हर खरंच आजारी आणि कुठला सासुरवाडीला, हे सगळं बघायचं. माझा आवाज असा की माइक बंद पडला तरी डेपोचं काही अडायचं नाही. त्यामुळे बायकांच्या फुटबॉलची ती मोठी जागतिक स्पर्धा आमच्या शहरात आली आणि स्टेडियमच्या पूर्व बाजूचे व्हॉलंटियर सांभाळायला कुणीतरी खमकं हवं झालं, तेव्हा मला बोलावणं आलं. पूर्व बाजू म्हणजे दोन फाटकं, मागून वळसा घालून वर जाणारा एक लांबलचक उतार, एक लिफ्ट आणि नारिंगी जॅकेट घातलेली माझी फौज. त्यात कॉलेजच्या पोरी होत्या, बँकेतून रिटायर झालेले होते, दवाखाना बंद ठेवून आलेली एक दातांची डॉक्टरीणही होती. सगळे फुकट राबायला आलेले. पहिल्या दिवशी सगळ्यांचा एकच प्रश्न, "मॅच बघायला मिळेल ना?"

"मॅचकडे पाठ आणि माणसांकडे तोंड," मी सांगितलं. "गोल झाला की लोकांच्या चेहऱ्यावर कळेल. बदली माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही. जागा रिकामी दिसली तर माझ्याशी गाठ आहे."

निम्म्यांची तोंडं एवढीएवढीशी झाली. पण पळून एकही गेला नाही, हे मान्य करायला हवं. आणि या फौजेत पहिल्या रांगेत, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावून, कोण बसलेलं? आमच्या सासूबाई.

आई आयुष्यभर शाळेत गणित शिकवायच्या. रिटायर झाल्यावरही घरात सगळ्यांना वळण लावण्याचं काम चालूच होतं. पण दोन वर्षांपूर्वी बाबा, म्हणजे माझे सासरे, अचानक गेले आणि आईंचं बोलणंच आटलं. गॅलरीत खुर्ची टाकून बसायच्या. भाजीत मीठ कमी असलं तरी काही म्हणायच्या नाहीत, यावरून काय ते समजा. आणि मग एक दिवस पेपरातली व्हॉलंटियरची जाहिरात कापून त्यांनी माझ्यासमोर ठेवली. "वयाची अट नाही असं लिहिलंय. मी नाव दिलंय."

"आई, तिथे मी तुमची साहेब असेन."

"अस की. घरी आलीस की उतरेल साहेबी."

नवरा पोळी खाता खाता ठसकला. त्याला पाणी कुणीच दिलं नाही.

आईंना मी वरच्या मजल्यावर लिफ्टजवळ उभं केलं. ज्यांना जिने चढता येत नाहीत, जे चाकाच्या खुर्चीवर आहेत, त्यांनी खालून लिफ्टनं वर यायचं आणि आईंनी त्यांना जागेवर पोचवायचं. बसायला एक स्टूल, हातात वॉकी-टॉकी. मला वाटलं, एक दिवस उभ्या राहतील आणि गुडघे धरून घरी बसतील. कसलं काय! जगभरातले लोक लिफ्टमधून उतरायचे आणि आई त्यांना ठणठणीत मराठीत सांगायच्या, "एकेक करून या. ढकलाढकली नको. टोपी काढा, मागच्याला दिसत नाही." आणि ते धिप्पाड लोक निमूट टोप्या काढायचे.

"आई, त्यांना मराठी कळत नाही हो," मी म्हटलं.

"पोरांना गणितही कळत नव्हतं. शिकवलंच ना?"

वॉकी-टॉकीशी मात्र त्यांचं जमेना. बोलणं झालं की 'ओव्हर' म्हणायचं, असा नियम. आई फोनवर बोलल्यासारख्या बोलायच्या आणि शेवटी विचारायच्या, "ठेवू?" नुसतं विचारून थांबायच्या नाहीत, कुणीतरी 'ठेवा' म्हणेपर्यंत बटण सोडायच्या नाहीत. बटण दाबलेलं असताना दुसऱ्या कुणाचा आवाज येत नाही, हे त्यांना पटेपर्यंत पूर्व बाजू मुकी झाली होती. पुढे बटण सोडायला शिकल्या, पण 'ठेवू?' काही सुटलं नाही. हळूहळू सगळ्यांनाच त्याची सवय लागली. मास्तरीणबाईंचा, म्हणजे आईंचा, "ठेवू?" आला की उतारावरच्या फाटकापासून पार्किंगपर्यंत सगळीकडून "ठेवा, ठेवा" असे आवाज यायचे. कंट्रोल रूममधला आमचा मॅनेजर, ज्याला सगळे पाठीमागे ओव्हरसाहेब म्हणायचे, तो कपाळाला हात लावायचा.

घरी परत येताना आई बसमध्ये अखंड बोलायच्या. कोण आलं, कोण काय म्हणालं, कुणाची नात किती गोड. एकदा घरी येऊन म्हणाल्या, "भाजीत मीठ कमी आहे." मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

मग आली सेमीफायनल आणि घोळ झाला.

उतारावरच्या फाटकाशी मिशाकाका असायचे. रिटायर्ड बस ड्रायव्हर, माझ्याच डेपोतले, मिशा एवढ्या की शिट्टी फुंकायची तर आधी वाट करून द्यावी लागे. लिफ्टपुढे गर्दी फार झाली म्हणून चाकाच्या खुर्चीवरचे काही लोक मी उताराकडे पाठवले होते. चढ मोठा, खुर्च्या ढकलायला एकटे काका पुरे पडेनात. त्यांनी वॉकी-टॉकीवर हाक दिली, "उतारावर एक माणूस पाठवा हो लवकर."

नेमकी त्याच वेळी आईंची पाळी संपली. बदलीची मुलगी आली, आईंनी तिला स्टूल दिलं, पाण्याची बाटली कुठेय ते दाखवलं आणि जायच्या आधी सगळ्यांना सांगावं म्हणून वॉकी-टॉकीवर म्हणाल्या, "बरं, येते हं मी."

झालं. आपल्याकडे घरातून निघताना कुणी 'जाते' म्हणतं का? 'येते' म्हणतात. लहान पोरानं 'जातो' म्हटलं तर आजी उंबऱ्यापर्यंत धावत येऊन त्याच्याकडून 'येतो' वदवून घेते. आईंनी निरोप घेतला. पण कंट्रोल रूमनं ऐकलं ते असं, की उतारावर माणूस हवाय आणि मास्तरीणबाई येतायत. ओव्हरसाहेबानं दुसरं कुणी पाठवलं नाही. मिशाकाका प्रत्येकाला सांगत राहिले, "येतायत, येतायत, निघाल्यात." आणि आई वॉकी-टॉकी वर त्या मुलीकडे देऊन, खाली व्हॉलंटियरांच्या खोलीत जॅकेट काढून, पाय लांब करून चहा पीत होत्या.

त्या खोळंबलेल्या लोकांत पाहुण्या संघाच्या गोलकीपरची आई होती. केवढ्या लांबून आलेली बाई. मुलगी आपल्या देशाच्या रांगेत उभी राहून राष्ट्रगीत म्हणताना बघायला आलेली. तिची खुर्ची वर पोचली तेव्हा राष्ट्रगीत संपून खेळ सुरू झाला होता.

काय घडलं ते कळल्यावर आईंचा चेहरा पांढराफटक पडला. मॅच संपल्यावर त्या धावत त्या बाईकडे गेल्या. मी मागोमाग. आईंनी तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "चूक माझी आहे. तुमची मुलगी जिंकली, आता फायनलला तुम्ही याल. मी स्वतः तुम्हाला वेळेवर जागेवर नेऊन बसवीन. शब्द देते." त्या बाईला काय कळलं कोण जाणे. तिनं फोनवर मुलीचा फोटो दाखवला, हातमोजे घातलेली, कपाळावर चिखल. आईंनी फोटोतल्या मुलीच्या गालावरून बोट फिरवलं.

दुसऱ्या दिवशी वरून तक्रार आली आणि ओव्हरसाहेबानं नियम काढला. वॉकी-टॉकीवर 'येतो' म्हणजे इकडे येतोय. जागा सोडून जाणाऱ्यानं 'जातो' म्हणायचं. बाकी काही नाही. नियम सगळ्यांना वाचून दाखवायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात.

खोलीत चुळबूळ सुरू झाली. दातांची डॉक्टरीण म्हणाली, "'निघते' म्हटलं तर?"

"निघते म्हणजे कुठून कुठे निघते?" मिशाकाका म्हणाले. "आमची ही 'निघतेच आहे' म्हणते आणि तासभर आरशापुढे असते."

"मग 'सुटलो' म्हणू."

"सुटलो म्हणजे मेलोच की रे!"

हशा पिकला. मीही हसले. हसत हसत आईंकडे बघितलं तर त्या उभ्या राहिल्या होत्या. "मी 'जाते' म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "दुसरं काहीही सांगा. हे नाही."

आता बघा, सगळी फौज समोर, आणि माझी सासू मला भर सभेत 'नाही' म्हणते. माझं डोकं सटकलं. "आई, हे घर नाही. नियम सगळ्यांना सारखा. म्हणायचं नसेल तर घरी बसा!"

शब्द तोंडातून गेला तो गेला. आईंनी गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं आणि गेल्या. जाताना 'येते' पण म्हणाल्या नाहीत.

संध्याकाळी मी घरी पोचले तर स्वयंपाकघरात आई ते नारिंगी जॅकेट इस्त्री करत होत्या. ओळखपत्र नसलेलं जॅकेट. परत द्यायचं तर धुऊन, इस्त्री करून द्यायला हवं म्हणे. मी वाद घालायच्या तयारीनंच आले होते, पण ती इस्त्री बघून माझा आवाजच चढेना.

"एका शब्दासाठी एवढं कशाला, आई? त्या बाईला शब्द दिलाय ना तुम्ही?"

"म्हणून तर जीव तुटतोय." त्यांनी इस्त्री उभी ठेवली. "तुला ठाऊक नाही. कुणालाच सांगितलं नाही मी. बाबा तपासणीला गेले ना, त्या दिवशी घाईत होते. रिक्षावाला खाली हॉर्न वाजवत होता. दारातून म्हणाले, 'जातो गं.' उभ्या जन्मात कधी म्हणाले नाहीत, त्या दिवशी म्हणाले. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, अहो, येतो म्हणा. पण दूध उतू जात होतं. म्हटलं, दुपारी येतीलच." त्यांनी जॅकेटची बाही सरळ केली. "शब्दानं काही होत नाही, हे मला कळतं. गणित शिकवलंय मी. पण तो शब्द माझ्या तोंडून निघायचा नाही."

मी, जिच्या तोंडाला डेपोत पन्नास ड्रायव्हर टरकायचे, ती मी गॅसजवळ उभी राहून नुसती रडले. आईंनीच मग मला टॉवेल दिला आणि म्हणाल्या, "पुरे. डोळे सुजतील, उद्या फौज हसेल."

सकाळी उठून मी थेट ओव्हरसाहेबाच्या पत्र्याच्या केबिनमध्ये. तो माणूस वाईट नव्हता. दोन फोन, तीन बाजूंनी बोंबा, डोळे तांबारलेले. नियमही चांगलाच होता. डेपोत असते तर मीच केला असता.

"मास्तरीणबाईंचं ओळखपत्र द्या," मी म्हटलं.

"बाई, त्या शब्द म्हणणार का?"

"नाही म्हणणार. त्यांना म्हणायची वेळच येणार नाही. फायनलला पहिल्यापासून शेवटपर्यंत त्या वरच्या लिफ्टजवळ उभ्या राहतील. जागा सोडणारच नाहीत, मग 'जाते' म्हणायचा प्रश्न कुठे येतो?"

"आणि काही गडबड झाली तर?"

"तर माझंही ओळखपत्र घ्या. तशीही दोरी मानेला घासतेय."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग ड्रॉवर उघडला. "पाणी, बाथरूम?"

"त्यांनी चाळीस वर्षं तास घेतलेत, साहेब. ते त्यांना जमतं."

मी मिजाशीत बाहेर पडले. कशी युक्ती काढली! नियमही मोडला नाही आणि सासूही मोडली नाही. आईंच्या गळ्यात ओळखपत्र घालताना मी म्हटलं, "आता हलायचं नाही तिथून." त्या म्हणाल्या, "मी कशाला हलते?"

फायनलचा दिवस. दुपारची मॅच, ऊन लख्ख, माणसांचा नुसता पूर. मी उत्तरेकडच्या फाटकाशी रांगा लावत होते. माझी माणसं अशी उभी होती की बघत राहावं. दातांची डॉक्टरीण तिकिटं तपासता तपासता एकाला "दाढ किडलीय तुमची, दाखवून घ्या" असं सांगत होती. मिशाकाकांची शिट्टी गर्दीला बरोबर दोन भागांत कापत होती. मनात म्हटलं, हौशी लोक म्हणे! हे पगारी असते तर डेपोत एक गाडी लेट झाली नसती.

संघ मैदानात यायची घोषणा होणार एवढ्यात वॉकी-टॉकी खरखरला.

"वरच्या लिफ्टवरून मास्तरीण बोलतेय." आवाज शांत होता, वर्गात फळ्याकडे वळून बोलावं तसा. "लिफ्ट बंद पडलीय. मधेच लटकलीय, आत कुणी नाही, पण वरचं दार उघडंच अडकलंय. मी आडवी उभी आहे. बदली माणूस आल्याशिवाय हलता येत नाही. मला कठड्यावरून खाली दिसतंय, त्या गोलकीपरच्या आई खाली लिफ्टपाशी एकट्याच बसल्यात. त्यांना उताराकडून न्यायला हवं. त्या मला ओळखतात, दुसऱ्या कुणाबरोबर निघतील असं वाटत नाही. बदली पाठवा. तो आला की मी..."

खरखर झाली. मला वाटलं, संपर्क तुटला. पण बटण दाबलेलंच होतं. मागे लोकांचा गलका ऐकू येत होता आणि आईंचा श्वास.

"मी जाते," आई म्हणाल्या. आवाज चिरकला. मग नियमाप्रमाणे नीट ऐकू जावं म्हणून पुन्हा एकदा, "जाते."

त्या बाईला दिलेल्या शब्दासाठी त्यांनी तो शब्द उच्चारला होता, जो त्यांच्या तोंडून निघणार नव्हता. नियम कुणाचा, मी वाचून दाखवलेला. बरोबर होता, स्पष्ट होता, कुणाचाही गैरसमज झाला नसता. आणि मी काय केलं? वॉकी-टॉकी तोंडाशी धरला आणि सगळ्या पूर्व बाजूला, कंट्रोल रूमला, पार्किंगला ऐकू जाईल अशी ओरडले, "आई! जाते नाही म्हणायचं! येते म्हणा!"

मग आईंचा आवाज आला, ओला पण करडा. "अगं, आधी तू ये तर खरी. दार उघडं आहे इथे."

"येते! आणि ही खरीखुरी येते आहे, सगळ्यांनी ऐका!" मी फाटक डॉक्टरणीच्या ताब्यात दिलं आणि पळत सुटले. साडी नेसायची सोडून डेपोत पँट घालायला लागले होते, त्याचं त्या दिवशी सार्थक झालं. धापा टाकत वर पोचले तर आई लिफ्टच्या उघड्या दारासमोर दोन्ही हात पसरून उभ्या. समोर जमलेल्या परदेशी लोकांना सांगत होत्या, "मागे, मागे. इकडे काही बघण्यासारखं नाही."

मी त्यांच्या जागी उभी राहिले. तशीच, हात पसरून. आईंनी आपला वॉकी-टॉकी माझ्या खिशात कोंबला, जॅकेट खाली ओढलं आणि निघाल्या. चार पावलं गेल्या आणि वळल्या. एवढ्या घाईत, एवढ्या गर्दीत, वळल्या.

"येते गं."

"या," मी म्हटलं.

मग कठड्यावरून खाली दिसल्या तोवर मी त्यांना बघत राहिले. त्या बाईपाशी पोचल्या, काहीतरी बोलल्या, खुर्चीचा ब्रेक काढला आणि वळणाआड दिसेनाशा झाल्या. संघ मैदानात आले. लोक उभे राहिले. माझी मैदानाकडे पाठ, डोळे उताराच्या वरच्या टोकावर. तिथे कुणीच नाही. पहिलं राष्ट्रगीत सुरू झालं, ते दुसऱ्या संघाचं होतं. कधी नव्हे ते मी कुणाच्या तरी राष्ट्रगीताला मनात म्हटलं, बाबा रे, जरा सावकाश.

ते संपत आलं आणि उताराच्या टोकावर आधी मिशा दिसल्या. खुर्चीच्या एका बाजूला मिशाकाका आणि दुसऱ्या बाजूला आई, दोघंही ढकलतायत, काका लालबुंद, आईंचा अंबाडा सुटलेला. आणि काकांच्या फाटकावर कोण? चौकशी नंतर केली. ओव्हरसाहेब स्वतः जाऊन उभा राहिला होता.

खुर्ची जागेवर लागली आणि त्या बाईच्या देशाचं राष्ट्रगीत सुरू झालं. ती हातांवर जोर देऊन खुर्चीतच ताठ झाली. खाली रांगेत हातमोजे घातलेली तिची मुलगी उभी होती. बाई गात होती आणि रडत होती. आई तिच्या शेजारी मैदानाकडे पाठ करून, प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या राहिल्या. नियम म्हणजे नियम.

मेकॅनिक आला, त्यानं लिफ्टचं दार ओढून कुलूप घातलं आणि माझे हात खाली आले. आई हळूहळू माझ्याकडे आल्या. गुडघ्यावर हात ठेवून स्टुलावर बसल्या.

"जागा रिकामी नव्हती ना राहिली?"

"मी होते ना."

"हं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "किती मोठ्यानं ओरडलीस. सगळ्या जगाला ऐकू गेलं असेल."

"सवय आहे हो डेपोची."

"नाही, बरं केलंस." त्यांनी सुटलेला अंबाडा बांधायला घेतला. "दूध गेलं असतं उतू तर गेलं असतं. ओरडायला हवं होतं मी."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो झटकला नाही.

माझ्या खिशातला वॉकी-टॉकी खरखरला. ओव्हरसाहेबाचा आवाज. मला वाटलं, आता माझं ओळखपत्र मागणार. "वरची लिफ्ट, वरची लिफ्ट. मास्तरीणबाई परत आल्या का? ओव्हर."

मी उत्तर द्यायला बटण दाबणार, तोच आईंनी वॉकी-टॉकी माझ्या हातातून काढून घेतला. तोंडाजवळ धरला.

"आले," आई म्हणाल्या. मग थोडं थांबून, "ठेवू?"

आणि उतारावरून, दोन्ही फाटकांवरून, पार्किंगमधून, कंट्रोल रूममधूनसुद्धा, सगळे एकदम म्हणाले, "ठेवा!"